वाटाड्याचे नाव

१९८६ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. शिवारात कापसाची वेचणी चालली होती, त्यामुळे वर्गात निम्मी बाके रिकामी असत. एका सकाळी रिसोडच्या बसस्टँडसमोर गर्दी दिसली म्हणून मी सायकल थांबवली. मध्ये एक गोरा तरुण उभा होता. त्याच्या सायकलला दोन्ही बाजूंनी पिशव्या, हँडलवर नकाशा, पायांत धुळीने माखलेले बूट. तो स्वित्झर्लंडचा होता, हैदराबादहून निघाला होता आणि हिंगोलीकडून रिसोडला आला होता. त्याला लोणारचे सरोवर पाहायचे होते. त्याचे इंग्रजी माझ्याइतकेच मोडके, म्हणून आमचे छान जमले.

त्याच्या नकाशात लोणार होते, पण आतल्या वाटा नव्हत्या. गर्दीत आमच्याच शाळेतला एक आठवीतला मुलगा उभा होता. त्याचा मामा लोणारला राहतो, एवढे मला माहीत होते. मी म्हणालो, "जा रे, याला लोणार दाखवून ये." शेजारच्या दुकानातून त्याला भाड्याची सायकल काढून दिली. तो फक्त म्हणाला, "सर, वाट मले माईत हाये." आणि दोघे निघाले. पस्तीस-चाळीस किलोमीटरचा रस्ता. मुलगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतला.

त्या भेटीवर मी अकोल्याच्या एका साप्ताहिकात लेख लिहिला. आमच्या आडगावी परदेशी पाहुणा आला, याचे तेव्हा अप्रूप होते. लेखात त्या तरुणाचे नाव होते, त्याच्या गावाचे होते, सायकलच्या कंपनीचेही होते. मुलाबद्दल मी लिहिले होते : 'गावातल्या एका मुलाने त्यांना वाट दाखवली.' पुढच्या वर्षी पाहुण्याचे पत्र आले. सोबत फोटो. सरोवराच्या काठावर तो मुलगा भाड्याची सायकल धरून उभा. फोटोच्या मागे इंग्रजीत तीनच शब्द, त्यांचा अर्थ : 'आमचा वाटाड्या, लोणार.'

म्हणजे नाव त्यानेही विचारले नव्हते, आणि मीही नाही. मुलगा दुसऱ्या तुकडीतला, माझ्या हजेरीत नव्हता, ही सबब मी बरीच वर्षे स्वतःला देत आलो. पण तो कोणत्या वस्तीतला आहे हे मला न विचारता ठाऊक होते. नाव तेवढे ठाऊक नव्हते.

निवृत्तीनंतर परदेशी प्रवाशांची जुनी वर्णने वाचायला घेतली, तेव्हा सुरुवातीला हेतू साधा होता. आपल्या भागातून कोण कोण गेले ते पाहावे. वाचता वाचता मात्र डोळा दुसरेच काही शोधू लागला. परक्या मुलखात एकट्यादुकट्याने हिंडणारा माणूस रात्री कुठे थांबला, कोणाच्या हातचे जेवला, पुढच्या गावची वाट त्याला कोणी दाखवली? हा लेख त्या शोधाचा आहे.

आमचा परमुलूख

रिसोडला परदेश फार लांब नव्हता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले, आणि आमच्या दक्षिणेला राज्याची हद्द उभी राहिली. रिसोड वऱ्हाडात, तर सेनगाव, हिंगोली निजामाच्या राज्यात. ती स्थिती १९४८ पर्यंत राहिली. आमच्या लहानपणी म्हातारी माणसे अजूनही 'मोगलाईत पोरगी दिली' असे म्हणत. ती मोगलाई म्हणजे बसने तासा-दीड तासावरचे गाव असे. तिकडचा रुपया वेगळा, कचेरीची भाषा वेगळी. नातीगोती, बाजार आणि देव मात्र दोन्हीकडचे एकच.

जुने मोठे रस्ते आमच्या बाजूने गेले. उत्तरेला बाळापूर-बुऱ्हाणपूरची वाट, दक्षिणेला औरंगाबादहून नांदेडमार्गे गोवळकोंड्याला जाणारी. वाशीमचे कापड एके काळी इतके नावाजलेले, की १७६९ च्या कनकापूरच्या तहात जानोजी भोसल्यांनी पेशव्यांना दर वर्षी वाशीम-बाळापूरकडचे कापड द्यावे असे कलम पडले. जिथे असा माल तिथे व्यापारी, आणि जिथे व्यापारी तिथे उशिरा का होईना, परदेशी पाहुणा. पण सुरुवात आमच्यापासून बरीच पश्चिमेला, कोकणच्या किनाऱ्यावर करावी लागते.

निकितिनचा घोडा

साधारण १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला. तो व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा. वाटेत लुटला गेलेला, कर्जात बुडालेला. सोबत एक घोडा होता. दख्खनेत चांगला घोडा पैदा होत नाही, बाहेरून आलेल्याला मोठी किंमत येते, असे ऐकून त्याने तो समुद्रावरून आणला होता. वास्को द गामा कालिकतला पोहोचायला अजून पंचवीसेक वर्षे होती. निकितिनच्या मागे ना राजा होता, ना कंपनी. परक्या देशाच्या खेड्यांतून आपल्या हिमतीवर हिंडणारा माणूस म्हणून त्याच्याइतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल.

चौलहून तो पालीमार्गे घाट चढून जुन्नरला आला. पावसाळा तिथेच काढला. चार महिने दिवसरात्र पाणी आणि चिखल, त्याच दिवसांत लोक नांगरतात नि पेरतात, असे तो लिहितो. घोड्याला इथे खिचडी चारतात, याची त्याला गंमत वाटली. माणसे उघड्या अंगाने वावरतात, बायका डोके झाकत नाहीत, हे त्याने आल्या आल्या टिपले. त्याच वेळी आणखी एक गोष्ट त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवली : आपण जिथे जाऊ तिथे मागे लोकांचा घोळका असतो, गोरा माणूस पाहून ते थक्क होतात. पाहुणा गाव पाहत होता आणि गाव पाहुण्याला. बसस्टँडसमोरची ती गर्दी मला इथे आठवली.

जुन्नरचा अधिकारी असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा देईन, वर हजार मोहरा देईन. नाहीतर घोडाही नाही आणि दंडही भरावा लागेल. मुदत चार दिवसांची. ऐन वेळी खोजा मुहम्मद नावाचा खुरासानी गृहस्थ आला, त्याने रदबदली केली आणि घोडा परत मिळवून दिला. पुढे बिदरला निकितिनने तो विकला. तिथल्या हिंदू लोकांशी त्याची ओळख वाढली, मग त्यांनी आपले खाणेपिणे, पूजाअर्चा त्याच्यापासून लपवली नाही. त्यांच्यासोबत तो श्रीशैलच्या यात्रेलाही जाऊन आला. दाभोळहून तो परत निघाला, पण घरी पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याची वही मागे राहिली. रेवदंड्याला आज त्याचे स्मारक आहे, आणि १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याच्यावर 'परदेसी' हा चित्रपट काढला.

आता त्या वहीतली नावे पाहा. असदखान आहे. मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे महमूद गावान, आहे. संकटात धावून आलेला खोजा मुहम्मद आहे. उतरायच्या जागी तिथली बाई पाहुण्यांसाठी स्वयंपाक करते, हेही आहे. त्या बाईचे नाव नाही. पालीहून घाट कोणी चढवला, त्याचे नाव नाही. जुन्नरच्या किल्ल्याची वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो, असे तो सांगतो. अशा वाटेवर आपल्या पुढे कोण चालत होते हे सांगत नाही.

पैशाला नाव असते

दोनशे वर्षांनी आलेले दोन फ्रेंच प्रवासी आमच्या भागाच्या जास्त जवळून गेले. पहिला झां-बाप्तिस्त ताव्हेर्निए, हिऱ्यांचा व्यापारी. गोवळकोंड्याच्या खाणींकडे तो अनेकदा गेला. त्याचा ग्रंथ १६७६ मध्ये निघाला. दुसरा झां द तेव्हनो, जन्म १६३३ चा. हा व्यापारी नव्हता. घरची बरी स्थिती, तुर्की-अरबी-फारसी येत होती, वनस्पती गोळा करण्याचा नाद होता, आणि जग पाहायचे होते. १६६६ च्या जानेवारीत तो सुरतेला उतरला. दोनच वर्षांपूर्वी शिवाजी महाराजांनी सुरत लुटली होती, त्यामुळे गावात त्यांच्याच गोष्टी चालत. त्या वर्षी महाराज आग्र्याला कैदेत होते आणि ऑगस्टमध्ये निसटले. तेव्हनो औरंगाबादला आला, तिथून वेरूळची लेणी पाहून आला, आणि मग अंबड, परभणी, नांदेड करत गोवळकोंड्याला गेला. ही वाट रिसोडच्या दक्षिणेला काही मजलांवरून जाते. पुढच्या वर्षी इराणातून परतताना मियाना गावी तो वारला. वय चौतीस.

ताव्हेर्निएचे पुस्तक वाचताना व्यापाऱ्याची रोजकीर्द चाळत असल्यासारखे वाटते, आणि मला ते तसेच आवडते. नवापूरच्या तांदळाबद्दल त्याने लिहिले आहे : दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा, वास कस्तुरीचा, इराणात कोणाला खूश करायचे तर याचे एक पोते न्यावे. लमाणांचे दहा-दहा हजार बैलांचे तांडे अरुंद वाटेवर समोरून आले की दोन-तीन दिवस थांबून राहावे लागते, हेही तो सांगतो. खेडे कितीही लहान असो, तिथे पैसे मोडून देणारा सराफ असतोच. आणि पालखीच्या भोयांना महिना चार रुपये, प्रवास साठ दिवसांहून लांबला तर पाच. सोबत वीस-तीस हत्यारबंद शिपाई घ्यावेत, त्यांनाही तेवढेच द्यावे.

चार रुपये. हा आकडा वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ विचार करत बसलो. भोई नावाने येत नाहीत, पण निदान रकमेने येतात. जिथे पैसे मोजले तिथे नोंद झाली. जकात भरली, नाका लिहिला. बैलगाडी ठरवली, दर लिहिला. तेव्हनोही नाक्यांवरच्या जकातदारांवर मनापासून चिडतो, कारण ते त्याच्या खिशाला हात घालत होते. म्हणजे प्रवाशाची वही ही बरीचशी खर्चाची वही असते. ज्याला काही द्यावे लागले नाही, तो माणूस त्या वहीत येणार कसा?

आणि वाट दाखवणाऱ्याला काही द्यावे लागत नसे. निदान प्रवाशाला तरी.

वेशीपासून वेशीपर्यंत

मराठी मुलखात वाट दाखवणे हा सौजन्याचा प्रश्न नव्हता, ती गावगाड्याची व्यवस्था होती. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. त्यात वाटाड्या आहे, वेसकर आहे, वेठही आहे. हे तिन्ही शब्द बऱ्याचदा एकाच माणसाच्या अंगावर पडत. वेस राखायची, सरकारी टपाल नि वसुलीची रक्कम पोहोचवायची, आलेल्या अंमलदाराच्या घोड्याला दाणावैरण बघायची, सामान उचलायचे, आणि वाटसरूला पुढच्या गावाच्या वेशीपर्यंत सोडून यायचे. ही कामे गावच्या महाराची. मोबदला म्हणून कुठे वतनाचा जमिनीचा तुकडा, कुठे खळ्यावरचे बलुते. वऱ्हाडात वतनाची रीत देशावरच्यासारखी नव्हती, पण कामे बरीचशी तीच.

या व्यवस्थेची घडणच अशी, की वाटाड्याला नाव मिळू नये. तो आपल्या वेशीपासून पुढच्या वेशीपर्यंत जाई. तिथे त्या गावचा वाटाड्या पाहुण्याला ताब्यात घेई आणि हा परत फिरे. दिवसभरात प्रवाशाच्या पुढे असे चार-पाच माणसे चालत. कोणीही इतका वेळ सोबत नसे, की त्याचे बोलणे, हसणे, खोड लक्षात राहावी. पाहुण्याच्या डोळ्यांना दिवसभर एक पाठ दिसत राही आणि ती पाठ गावोगाव बदलत जाई. शिवाय वाटाडा गावात राहत नसे, गावाबाहेर राही. पाटील-कुलकर्ण्याशी दुभाष्यामार्फत दोन शब्द तरी होत. याच्याशी तेही नाही.

मोठ्या रस्त्याला एवढी गरज लागत नसेल, हे मी मान्य करतो. सुरत-गोवळकोंडा वाटेवर तांड्यांची चाकोरी पडलेली होती, आणि ताव्हेर्निएसारखा माणूस स्वतःचा लवाजमा घेऊनच निघे. पण रस्ता सोडून लेण्याकडे, खाणीकडे, देवळाकडे वळले, की गावचा माणूस लागतोच. १७५८ मध्ये आंकेतील-द्युपेरों गोव्याहून पुणे, औरंगाबाद, वेरूळ करत सुरतेला गेला. पारशांचा धर्मग्रंथ मिळवायच्या ध्यासाने निघालेला हा फ्रेंच तरुण तेव्हा सत्तावीस वर्षांचाही नव्हता. त्याने आणि तेव्हनोने पाहिलेले वेरूळ आज जगभरचे अभ्यासक वाचतात. लेण्यांत शिरताना झुडपे बाजूला सारणारा हात मात्र दोघांच्याही वर्णनांच्या बाहेर राहिला.

इंग्रजी अमलात ही वेठ कमी झाली नाही, उलट कागदावर पक्की झाली. डॉ. आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा त्यांनी नेमके यावर बोट ठेवले. या नोकरीला तास नाहीत, कामाची यादी नाही, आणि वतनदार हजर नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला कामाला जुंपता येते. त्या विधेयकाचा कायदा झाला नाही. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले.

घरातला कोणीही. हे वाक्य वाचताना मला माझाच आवाज ऐकू आला : "जा रे, याला लोणार दाखवून ये." १९८६ मध्ये वतन नव्हते, वेसकर नव्हता, मी इतिहासाचा मास्तर होतो आणि वर्गात आंबेडकर शिकवत होतो. त्या गर्दीत वाट माहीत असणारे दहा जण तरी होते. किराणा दुकानदाराचा मुलगा होता, माझा स्वतःचा पुतण्या होता. मी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. त्या मुलाचा मामा लोणारला होता हे खरे. पण खरे कारण तेवढेच होते, असे आज मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. त्याची शाळा बुडेल, घरी कोणाला विचारायला हवे, हेही माझ्या मनात आले नाही.

एक नाव सापडते

शोधता शोधता एका ठिकाणी नाव सापडले. ते आपल्या मुलखातले नाही, पण सांगण्यासारखे आहे. मोरोक्कोचा इब्न बतूता १३४२ मध्ये दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला. पुढे तो दौलताबाद आणि नंदुरबारवरूनही गेला, आणि तिथल्या मराठ्यांच्या खाण्यापिण्याची, कसबाची नोंद त्याने ठेवली. पण त्याआधी, अलीगढजवळ, त्याच्या तांड्यावर हल्ला झाला आणि तो एकटा पडला. नोकर नाहीत, घोडा नाही, अंगावर धड कपडे नाहीत. कितीतरी दिवस रानोमाळ भटकला. राजाचा वकील असलेला माणूस आता खरोखर एकटा प्रवासी झाला होता. त्या अवस्थेत त्याला एक काळासावळा माणूस भेटला. हातात पाण्याचे भांडे आणि काठी, खांद्यावर झोळी. त्याने पाणी पाजले, झोळीतले भाजलेले हरभरे आणि थोडा तांदूळ खाऊ घातला. बतूताला चालवेना, तेव्हा त्याला पाठीवर घेतले. बतूता ग्लानीत गेला, शुद्धीवर आला तेव्हा एका गावात होता, आणि तो माणूस निघून गेला होता.

इथे बतूताने नाव विचारले होते. उत्तर मिळाले : आनंदी हृदय. फारसीत दिलशाद. बतूताला एकदम आठवले, की एका साधुपुरुषाने वर्षांपूर्वी भाकीत केले होते : हिंदुस्थानात दिलशाद नावाचा माणूस तुला संकटातून सोडवील. म्हणून तो ठरवतो की हा मनुष्य नव्हेच, कोणी संतच होता.

हा प्रसंग मी अनेकदा वाचला. सहाशे-सातशे वर्षांच्या प्रवासवर्णनांत ज्या एका वाटाड्याला मला नाव सापडले, त्याला नाव मिळताच तो माणूस उरला नाही, चमत्कार झाला. हरभरे भाजून झोळीत बांधणारा, कोणाच्या तरी शेतावरून घरी जाणारा साधा गडी असेल ही शक्यता लेखकाच्या मनाला शिवत नाही. उपकार एवढा मोठा, की तो साध्या माणसाच्या खात्यावर मांडणे त्याला जमले नाही.

लोणारचा काठ

आमच्या लोणारची कथा याच जातीची आहे. शाळेच्या पुस्तकांत, माहितीफलकांवर सगळीकडे एक वाक्य असते : लोणार सरोवर १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने शोधले. मीही ते वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. पण आइन-इ-अकबरीत, म्हणजे त्याच्या सव्वादोनशे वर्षे आधी, वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार आहे. काच आणि साबण करायला लागणारे क्षार तिथे निघतात, सोरा होतो आणि त्यातून चांगला महसूल येतो, असे अबुल फजल लिहितो. काठावरची आणि गावातली देवळे तर त्याहून कितीतरी जुनी. जिथे सरकार शेकडो वर्षे महसूल घेत होते, ती जागा 'सापडायची' राहिली होती असे म्हणता येत नाही. अलेक्झांडरने ती इंग्रजी विद्वानांना कळवली, हे त्याचे श्रेय आहे आणि ते त्याला द्यावे. त्या विवराच्या झाडीतून पाण्यापर्यंत उतरायची पायवाट क्षार काढणाऱ्यांच्या आणि गुराख्यांच्या पायांनी पडलेली होती. 'शोधले' या एका क्रियापदाने ती पायवाट पुसून टाकली.

उलट दिशेचा प्रवासी

हा दोष फक्त गोऱ्या प्रवाशांचा आहे, असे म्हणून मोकळे होता येत नाही. मी स्वतः काय केले ते वर लिहिलेच आहे. म्हणून उलट बाजूचे, मराठी माणसाने परमुलखात केलेल्या प्रवासाचे उदाहरण पाहावेसे वाटले. धर्मानंद कोसंबी डोळ्यांसमोर आले.

कोसंबींचा जन्म १८७६ चा, गोव्यातल्या सांखवाळचा. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा या एकाच ओढीने ते १८९९ च्या अखेरीला घरातून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. १९०२ मध्ये नेपाळात गेले, बराच रस्ता पायी. जे शोधत होते ते तिथे मिळाले नाही. मग बुद्धगया, कलकत्ता, आणि त्याच वर्षी सिलोन. कोलंबोला विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकले, भिक्षू झाले. पुढे ब्रह्मदेशात राहिले. पुढच्या आयुष्यात ते हार्वर्डला गेले, लेनिनग्राडला गेले; पण मला महत्त्वाची वाटतात ती ही पहिली सहा-सात वर्षे. खिशात पैसा नाही, तिथली भाषा येत नाही, आणि अन्न दुसऱ्याच्या हातून घ्यायचे.

१९२४ मध्ये निघालेल्या 'निवेदन' या त्यांच्या आत्मकथनात माणसेच माणसे आहेत. तिकिटाला पैसे देणारा, ओसरीवर झोपू देणारा, सोबत चालणारा, आजारात बघणारा. कोणी काय दिले याचा हिशेब ते देतात, आणि तो नाव घेऊन देतात. गावंढळ वाटणाऱ्या माणसाचेही ऋण ते विद्वानाच्या ऋणाइतक्याच नेटाने नोंदवतात. ताव्हेर्निएच्या वहीत जे पैशाने विकत घेतले त्याची नोंद आहे. कोसंबींच्या पुस्तकात जे फुकट मिळाले त्याची. मला वाटते, फरक स्वभावाचा तर आहेच, पण स्थितीचाही आहे. भिक्षेवर चालणाऱ्याला रोज कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागते. समोरच्याने नाही म्हटले तर उपाशी राहावे लागते. ज्याला नाही म्हणता येते, त्याचे नाव विचारावेच लागते.

विनोबांनी हे ओळखले होते, असे दिसते. १९६२ मध्ये सतीश कुमार आणि प्रभाकर मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन करत वॉशिंग्टनपर्यंतच्या यात्रेला निघाले, तेव्हा त्यांनी विनोबांचा आशीर्वाद मागितला. विनोबांनी सांगितले, पैसे बरोबर नेऊ नका. पैसे असले की माणूस खाणावळीत जेवतो, खोली घेऊन झोपतो, आणि सकाळी कोणालाही न भेटता पुढे जातो. पैसे नसले की दार ठोठवावे लागते.

आमच्या वेशीवरच्या वाटाड्याला नाही म्हणता येत नव्हते. त्याचे नाव कोणालाच लागले नाही, याचे मूळ मला इथे दिसते. प्रवाशाचा दुष्टपणा त्यात कमीच. वाट दाखवणे हे ज्याचे दान नसून ज्याच्यावरची सक्ती असते, त्याचे आभार कोणी मानत नाही. आणि ज्याचे आभार मानायचे नाहीत, त्याचे नाव लिहून ठेवायचे काय कारण?

जनरल रजिस्टर

गेल्या उन्हाळ्यात मी शाळेत गेलो. मुख्याध्यापक माझेच जुने विद्यार्थी. त्यांना म्हटले, १९८६-८७ ची आठवीची पटनोंदणी पाहायची आहे. शिपायाने कपाटावरून जनरल रजिस्टर काढून दिले. पाने पिवळी, कडा वाळवीने खाल्लेल्या. फोटो सोबत नेला होता. दुसऱ्या तुकडीतली मुले, वस्ती, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख. मामा लोणारचा ही खूण आणि दोन जुन्या विद्यार्थ्यांची आठवण, यांवरून मला तो सापडला. नववीत शाळा सोडलेली. कारणाच्या रकान्यात 'सतत गैरहजर'.

त्या गैरहजेरीच्या दिवसांत माझे दोन दिवस होते. त्या दोन दिवसांनी त्याची शाळा सुटली असे मी म्हणत नाही. वेचणीच्या दिवसांत घराला हात लागत, त्या हिशेबात माझे दोन दिवस किरकोळ. पण रजिस्टरात ते त्याच्या खात्यावर मांडले गेले, माझ्या नाही.

तो आता औरंगाबादकडे कारखान्यात असतो असे कळले. फोन नंबर मिळाला. फोन केला तेव्हा आधी त्याला माझी ओळख पटेना. मग लोणार म्हटल्यावर हसला. "तो सायकलवाला? सर, त्याले पाण्यात उतरू देल्लं नव्हतं म्या. लई चिखल होता काठाले." पाहुण्याने सरोवरावर लिहिलेल्या चार ओळी माझ्याकडे आहेत, त्यात हे नाही. मी त्याला या लेखाबद्दल सांगितले आणि विचारले, तुझे नाव छापू का? तो थोडा थांबला. म्हणाला, "घरी इचारतो अन् सांगतो."

लेख छापायला देईपर्यंत त्याचा फोन आलेला नाही. म्हणून इथे नाव नाही. फोटोच्या मागच्या तीन शब्दांखाली मात्र मी ते शाईने लिहून ठेवले आहे, आणि फोटो त्याला पाठवायचा आहे. लेखात नाव घालायचे की नाही, हे या वेळी तो ठरवील.